ॲरोबिक नृत्य व हृत्स्पंदगती

संगीताच्या तालावर शरीरातील मोठ्या स्नायूंची सलग व लयबद्ध हालचाल घडवून आणणारा व्यायामप्रकार. यात स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यत्वे ऑक्सिजनाच्या साहाय्याने निर्माण होते. अमेरिकन वैद्य केनेथ कूपर यांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲरोबिक्स या ग्रंथामुळे अशा व्यायामाचा प्रसार झाला व १९६९ मध्ये जॅकी सोरेन्सन यांनी त्याला नृत्याची जोड दिली.

प्रकार : अधिक आघाताच्या नृत्यात उड्या व जागच्या जागी धावणे यांमुळे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात. पाय पुन्हा टेकताना त्यांवर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येऊ शकतो. कमी आघाताच्या नृत्यात निदान एक पाऊल जमिनीवर राहते. पहिल्या प्रकारात नडगी, घोटा व गुडघा यांना होणाऱ्या इजा टाळण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात दुसरा प्रकार रूढ झाला.

हृदयाचा प्रतिसाद : प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सु. ६० ते १०० वेळा स्पंदन पावते व सु. ५ लि. रक्त बाहेर टाकते. नृत्य सुरू होताच प्राणेशा तंत्रिकेचा रोधक प्रभाव कमी होऊन गती वाढते. पुढे अनुकंपी तंत्रिका तंत्र व ॲड्रेनॅलीन यांमुळे ती आणखी चढते. तालाची गती सारखीच असता अधिक आघाताच्या नृत्यात संपूर्ण शरीर वारंवार वर उचलावे लागत असल्याने ऑक्सिजनाचा व्यय व हृत्स्पंदगती ही दोन्ही सामान्यतः अधिक असतात. तथापि लांब पावले टाकणे, गुडघे अधिक वाकविणे व हात जोराने हलविणे यांमुळे कमी आघाताच्या नृत्यातही हृदयावर पुरेसा भार येतो. आघात हे सांध्यांवरील भाराचे माप आहे, श्रमाचे नव्हे.

मापन व मर्यादा : कमाल हृत्स्पंदगती २२० मधून वय वजा करून अंदाजतात, प्रत्यक्ष गती त्याहून १० किंवा अधिक स्पंदांनी भिन्न असू शकते. कमाल व विश्रांतीकालीन गतींतील फरकाचे ४० ते ६० टक्के विश्रांतीच्या गतीत मिळविल्यास मध्यम श्रमाची कक्षा मिळते. उदा., वय ४० व विश्रांतीची गती ७० असल्यास ही कक्षा ११४ ते १३६ येते. मात्र हात खांद्यांच्या वर धरून केलेल्या हालचालींत ऑक्सिजनाच्या व्ययाच्या मानाने हृत्स्पंदगती अधिक वाढते. त्यामुळे धावण्याच्या प्रयोगांवरून ठरविलेली कक्षा नृत्यास लावल्यास श्रम प्रत्यक्षाहून अधिक झाल्याचा भास होतो. उष्ण हवा व मानसिक उत्तेजना यांनीही गती वाढते, तर बीटा-रोधक औषधांनी ती दबते. म्हणून नाडीबरोबरच दम किती लागतो हेही पाहतात. मध्यम श्रमात बोलता येते, गाता येत नाही. [⟶ नाडी]

दक्षता : नृत्य एकाएकी थांबविल्यास पायांत रक्त साचून रक्तदाब उतरतो व भोवळ येते, यासाठी शेवटची काही मिनिटे गती हळूहळू कमी करतात. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून वैद्यकीय साहाय्य घेणे आवश्यक असते. हृद्‌रोग असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्यानेच आरंभ करणे इष्ट होय. स्थूल, वयस्क वा सांधेदुखी असलेल्यांना कमी आघाताचा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.