जालना जिल्ह्यातील अवर्षण : आकाश, माती आणि भूजल

औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण करण्यात आला. त्या वेळी १९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागात अगदी ताजी होती. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या व नालाबांधांच्या कामांवर घाम गाळलेली पिढी तेव्हा ऐन उमेदीत होती. त्या पिढीतील वृद्ध मंडळी आजही एक गोष्ट आवर्जून सांगतात. बहात्तर साली खावयास धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते. २०१२-१३ साली दुकानात धान्य होते, पण विहिरीला पाणी नव्हते. हे विधान सरसकट प्रत्येक गावाला लागू पडेल असे नाही. तथापि, चाळीस वर्षांच्या अवधीत अवर्षणाचे स्वरूप किती पालटले, हे त्याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

पाऊस कमी पडणे ही निसर्गातील घटना होय. त्या घटनेचे आपत्तीत रूपांतर होण्यापूर्वी ती माती, खडक, वनस्पती आणि मनुष्याची पीकपद्धती अशा अनेक टप्प्यांतून जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिची तीव्रता वाढू अथवा घटू शकते. म्हणूनच एकाच मंडळात सारखाच पाऊस पडूनही शेजारच्या दोन गावांपैकी एकाला टँकर लागतो व दुसऱ्याला लागत नाही.

पाऊस

सह्याद्री ओलांडून येणाऱ्या अरबी समुद्रावरील वाऱ्यांतील बाष्पाचा मोठा भाग घाटमाथ्यावरच रिता होतो. मराठवाडा पर्जन्यछायेत येतो तो यामुळे. जालना जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साधारणपणे ६५० ते ७५० मिलिमीटर आहे. त्यातील बराचसा पाऊस, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमधील, बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. हे पट्टे उत्तरेकडे वळले की येथील आभाळ कोरडे राहते. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पृष्ठजल तापले असता, म्हणजे ज्यास ‘एल निनो’ म्हणतात त्या स्थितीत, भारतातील मोसमी पाऊस दुबळा होण्याचा संभव वाढतो. १९७२, २०१५ आणि २०२३ ही तिन्ही वर्षे एल निनोची होती. २०१२ च्या पावसाळ्यात मात्र असा प्रबळ एल निनो नव्हता आणि तरीही जालन्याने अलीकडच्या काळातील अत्यंत कठीण उन्हाळा पाहिला तो त्याच वर्षानंतर. सारा दोष दूरच्या महासागरावर टाकून मोकळे होता येत नाही, हे यावरून दिसून येईल.

माती

जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गोदावरीकाठी आणि दुधनेच्या खोऱ्यात खोल काळी जमीन आहे. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उतारावर, भोकरदन-जाफराबादच्या बाजूस, उथळ व मुरमाड जमीन अधिक आढळते. काळ्या मातीचा स्वभाव विलक्षण आहे. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून झपाट्याने आत जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घेण्यास नाखूश होते, आणि त्यानंतर जोराचा पाऊस आला तर तो बांध फोडून ओढ्याला मिळतो. वाफसा साधण्यासाठी शेतकऱ्याची जी धांदल उडते ती याच स्वभावामुळे.

लागोपाठ दोन वर्षे अवर्षण पडले म्हणजे या मातीत आणखी एक बदल होतो. गवत करपते, बांधावरची झुडपे सरपणासाठी तुटतात, कडब्याचा व पालापाचोळ्याचा कण न् कण गुरांच्या पोटात जातो. गुरेच छावणीत गेली किंवा बाजार दाखवला गेला की शेणखतही आटते. उघड्या पडलेल्या, सेंद्रिय अंश कमी झालेल्या अशा जमिनीवर पावसाचा थेंब थेट आपटतो, मातीचे कण सुटे करतो व वरचा थर वाहून नेतो. जो सुपीक थर तयार होण्यास शतके लागली, तो एखाद्या पावसात खरडून जातो. अवर्षण आणि अतिवृष्टी या परस्परविरोधी आपत्ती आहेत असे आपण धरून चालतो. परंतु पहिली दुसरीसाठी जमीन तयार करून ठेवते, ही बाब आपल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदपत्रांत फारशी आढळत नाही. दोहोंचे पंचनामे वेगळे, नमुने वेगळे आणि मदतीचे शीर्षही वेगळे असते.

वाहून गेलेली माती कोठे जाते, याचे उत्तर जालना शहराला चांगले ठाऊक आहे. निजामकाळात कुंडलिका नदीवर बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाने अनेक दशके शहराची तहान भागविली. गाळ साचत गेल्याने त्याची साठवणक्षमता घटली. २०१२-१३ च्या टंचाईत या जलाशयाचा तळ उघडा पडला, तेव्हा नागरिकांच्या पुढाकाराने गाळ काढण्याचे काम झाले आणि तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेऊन पसरला. शेताची माती शेतात परतली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यभर हाती घेतली. गाळ काढणे आवश्यक आहेच; पण वरच्या पाणलोटातील उतार बांधबंदिस्तीवाचून राहिले, तर तो पुन्हा येणार हेही उघड आहे.

कोरडी माती हवेवरही परिणाम करते. जमिनीत ओल असेल तर सूर्याच्या उष्णतेचा मोठा वाटा बाष्पीभवनात खर्ची पडतो. ओल नसेल तर तीच उष्णता जमीन व तिच्या लगतची हवा तापविते. हवा तापली की झाडांच्या पानांतून पाणी अधिक वेगाने उडते आणि तलाव-तळ्यांचेही तसेच होते. आपल्याकडे भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे १० मिलिमीटर केवळ वाफेने उतरते. अशा रीतीने कोरडेपणा कोरडेपणास जन्म देतो.

खडकाच्या पोटातील खाते

जालना जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे काळ्या पाषाणावर, म्हणजे प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या खडकावर वसलेला आहे. हा खडक एकसंध नाही. कठीण पाषाणाचा थर, त्याखाली सच्छिद्र मांजऱ्या, पुन्हा कठीण थर अशी त्याची उतरंड असते. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या फटींत. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा मोठा साठा असतो. आपल्याकडे शंभर घनमीटर खडकातून जेमतेम दोन-तीन घनमीटर पाणी हाती येते. हे खाते लहान आहे. एका चांगल्या पावसाने ते भरते आणि एका हंगामाच्या उपशाने रिकामे होते. मागील पाच वर्षांची शिल्लक त्यात सहसा नसते.

बहात्तर साली हे खाते आजच्याइतके उपसले जात नव्हते. त्यानंतर विजेचे पंप आले, विंधन विहिरी आल्या आणि बागायतीचे क्षेत्र वाढले. या प्रगतीने हजारो कुटुंबांना स्थैर्य दिले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र तिने भूजलाचा जो भाग पूर्वी अवर्षणाच्या वर्षासाठी राखीव राहत असे, तोही नित्याच्या खर्चात आणला.

मोसंबीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूर येथे मोसंबीवर संशोधन करणारे केंद्र आहे. झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. आंबे बहारासाठी बागेला थंडीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सुरू करतात आणि मग फळांची वाढ होत असताना सारा उन्हाळा ते चालू ठेवावे लागते. म्हणजे जेव्हा विहिरीचे पाणी सर्वांत खाली गेलेले असते, नेमकी तेव्हाच बागेची मागणी सर्वाधिक असते. २०१२-१३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. टँकरने विकत पाणी घालून शेतकऱ्यांनी त्या जगविण्याची शिकस्त केली. अनेकांना शेवटी कुऱ्हाड चालवावी लागली. ज्वारी-तुरीचे एक साल बुडते, बागेची मात्र दहा-पंधरा वर्षे बुडतात. जे वाचले, त्यांतील कित्येकांवर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट कोसळली. तापलेल्या भूपृष्ठावरून वर चढणारी दमट हवा आणि तिच्या माथ्यावर आलेला थंड वारा यांच्या संयोगाने गारांचे ढग बनतात. २०१८ च्या ११ फेब्रुवारीलाही जिल्ह्याने तसाच तडाखा अनुभवला.

आता थोडे गणित करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा, एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तर त्या शिवारावर ७०० कोटी लिटर पाणी उतरते. गावाची वस्ती २,००० धरली आणि माणशी रोज ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण घेतले, तर वर्षभरासाठी सुमारे चार कोटी लिटर पुरतात. हे प्रमाण एकूण पावसाच्या एक टक्काही भरत नाही. पाऊस निम्मा झाला तरी पिण्याचे पाणी सव्वा टक्क्याच्या आतच राहते. दुसरीकडे, पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागतात. दोन हेक्टर ऊस आणि साऱ्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी यांचा हिशेब जवळपास सारखा येतो. अर्थात सारेच पावसाचे पाणी आपल्या हाती लागत नाही. बहुतेक पिकांतून व मातीतून वाफ होऊन जाते, काही ओढ्याने निघून जाते. तरीही निम्म्या पावसाच्या सालात गावाला टँकर मागवावा लागतो तेव्हा पाणी कोठे गेले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे.

याचे एक उत्तर जालना तालुक्यातच मिळते. कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बांध हे पाणलोट क्षेत्राच्या शास्त्राप्रमाणे वरून खाली घेण्यात आले. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी गावाजवळ दिसेल असा बंधारा बांधतात, मग तो गाळाने भरतो. कडवंचीत त्यानंतर शेततळी व ठिबक सिंचन आले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२ च्या अवर्षणातही त्या बऱ्याच अंशी टिकून राहिल्या.

शेततळ्याबाबत मात्र सावधगिरीचा इशारा देणे भाग आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून भरलेले शेततळे ही पाण्याची बचत होय. विहिरीतून उपसून, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात साठविलेले पाणी ही बचत नव्हे. खडकाच्या पोटात सावलीत असलेले, शेजाऱ्यांच्याही विहिरींना मिळणारे पाणी त्यामुळे उन्हात आणून ठेवले जाते व त्याचा एक भाग वाफेच्या वाटेने जातो. दोन्ही तळी दिसावयास सारखीच असतात.

जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. २०१३ पासून त्याचे पाणी नळवाहिनीने जालना शहरापर्यंत येते. गोदावरीकाठच्या अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील गावांना हेच धरण निराळ्या रूपानेही भेटते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडावा लागला व काठच्या शिवारांत पाणी शिरले. त्याच्या दोनच वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, राज्यातील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत जिल्ह्याचे भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच तालुके होते. अंबडने दोन वर्षांत दोन्ही टोके पाहिली.

मोजणी केव्हा व कशासाठी

दुष्काळ ठरविण्याची जुनी रीत पैसेवारीची. पीक पन्नास पैशांच्या आत आले म्हणजे टंचाई मानावयाची, आणि तोवर पीक हातचे गेलेले असावयाचे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसातील खंड, मातीतील ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जलसाठे व भूजल यांचे निर्देशांक पाहून निर्णय घेण्याची पद्धत आली. या निर्देशांकांत आकाश, माती व खडक हे तिन्ही एकत्र येतात, ही त्यातील जमेची बाजू. उणीव ही की तालुका हा एकक गावाच्या दृष्टीने फार मोठा आहे. टेकडीच्या उतारावरील मुरमाड गाव व नदीकाठचे गाव एकाच सरासरीत बसतात.

गावपातळीवरील मोजणीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याचा व शेतीसाठी विंधन विहीर न घेण्याचा निर्णय स्वतःवर लागू केला, तो ग्रामसभेच्या बळावर. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्येही पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाची व खोल विहिरींवरील निर्बंधांची तरतूद आहे. परंतु कोणाची विहीर किती खोल आहे, हे तलाठ्यापेक्षा गावकऱ्यांनाच आधी कळते. बदनापूर संशोधन केंद्राच्या ‘बीडीएन ७११’ सारख्या तुरीच्या लवकर येणाऱ्या वाणांमुळे कमी ओलीच्या वर्षात पर्यायही हाताशी आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते.  निर्णयाच्या दृष्टीने मोलाची नोंद ऑक्टोबरची होय. पावसाळा संपलेला, खात्यातील जमा समजलेली, रब्बीची पेरणी व्हावयाची आणि आंबे बहार धरावयाचा की नाही हे ठरावयाचे, अशी ती वेळ असते. शाळेतील एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकरवी गावातील चार-पाच विहिरींची पातळी टेपने मोजवून त्या आठवड्यात फळ्यावर लिहिली, तर नोव्हेंबरच्या ग्रामसभेपुढे तो आकडा मेच्या टँकरच्या आधी सहा महिने येईल.