प्रार्थनेतील क्रियापद

पनवेलनजीकच्या विचुंब्यासारख्या गावातील ख्रिस्ती कुटुंबात एखाद्या मुलास रक्ताचा कर्करोग जडला, म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) आणि प्रार्थना ही दोन्ही त्या घराची आधारस्थाने होतात. प्रार्थनेतील ‘बरा होवो’ हे आज्ञार्थी रूप फल ईश्वराधीन ठेवते. ‘बरा होईल’ हा भविष्यकाळ भरवसा प्रकट करतो. ‘बरा झाला’ हा भूतकाळ मात्र निर्णयच देतो. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात पहिल्या सुमारे महिन्याभराच्या उपचाराने रोगपेशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा दिसेनाशा होतात. तथापि उपचार एकंदर २ ते ३ वर्षे चालवावे लागतात, अन्यथा रोग उलटण्याचा मोठा संभव असतो. म्हणून भूतकाळाची घाई घातक ठरते. ‘होवो’ म्हणत औषध चालू ठेवणे, यात विश्वासास काही उणेपणा येत नाही.