काडतूस आहे, पण प्रिंटर म्हणतो नाही!

धान विकायचा तर नोंदणीला सातबारा लागतो. त्यामुळे हंगामात आमगाव-देवरीकडच्या सेवा केंद्रांतल्या प्रिंटरला उसंत नसते. नेमका तेव्हाच पडद्यावर संदेश झळकतो: काडतूस ओळखता येत नाही. लगेच नवे घ्यायला गोंदिया गाठू नका.

प्रिंटर काडतूस ओळखतो ते त्यावरच्या तांब्याच्या बारीक ठिपक्यांवरून किंवा चिपवरून. तिथे शाई, धूळ किंवा बोटाचे तेल बसले की संपर्क तुटतो. नव्या काडतुसावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहून जाणे, हेही नेहमीचेच. आधी प्रिंटर बंद करून वायर काढा. ठिपके आणि आतले पिन धागे न सुटणाऱ्या कापडाने, डिस्टिल्ड वॉटरचा नुसता ओलावा देऊन पुसा. शाई उतरते ती नोझलची पट्टी मात्र पुसायची नाही. काडतूस फार वेळ बाहेर ठेवू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात नोझल सुकायला कितीसा वेळ लागतो? पुसलेले ठिपके वाळले की काडतूस ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा.

दोन काडतुसांच्या बऱ्याच प्रिंटरांत एक काढून झाकण लावले, तर दुसऱ्यावर छपाई चालते. दोषी कोणते, तेही त्यातून कळते.

एवढे करूनही अडले, तर चिपवर संशय घ्या. 2016च्या सप्टेंबरात एचपीच्या काही प्रिंटरांनी इतर कंपन्यांची काडतुसे अचानक नाकारली होती; कारण होते फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर. स्वस्त काडतूस वापरत असाल, तर प्रिंटरचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा आणि बिल जपून ठेवा.