‘मोअर’च्या आधीची ओळ

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशिनिंग शॉपच्या केबिनमध्ये मी बसले होते. काचेपलीकडे दोन सीएनसी मशीन चालू होती, कूलंटचा तेलकट वास आतपर्यंत येत होता. मालकांनी टाइप करून आणलेला कागद माझ्यापुढे सरकवला. ‘आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमच्या कंपनीस आयएसओ ९००१ मानांकन प्राप्त झाले आहे.’ पुढे पाऊण पान मजकूर.

“लिंक्डइनवर टाकायचंय. जरा वाचावंसं वाटेल असं करून द्या, मॅडम.”

असे कागद माझ्याकडे नेहमी येतात. लिहिणाऱ्याला आनंद खरोखरच झालेला असतो. तरीही तो वाक्यात उतरत नाही, कारण हेच वाक्य आपण शाळेच्या वार्षिक अहवालापासून पतपेढीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे वाचलेलं असतं. लिंक्डइनवर तर ते अधिकच महागात पडतं. तिथे एका पोस्टला ३,००० अक्षरांची मुभा आहे, पण मोबाइलवर सुरुवातीला दिसतात त्या दोन-तीन ओळी. उरलेलं सगळं ‘मोअर’ या शब्दामागे झाकलेलं. देवनागरीत जागा आणखी लवकर संपते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी संगणकाच्या लेखी वेगवेगळी अक्षरं. एकट्या ‘क्ष’ची तीन होतात. ‘आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे’ एवढ्याची मी मोजून पाहिली, ३७ भरली. आणि बातमी अजून सुरूही झालेली नाही.

पहिल्या ओळीचं हे महत्त्व वर्तमानपत्रांनी केव्हाच ओळखलं होतं. १८९७ साली ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखावर ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा होता. नुसता मथळा वाचणाऱ्यालाही लिहिणारा कुठे उभा आहे, ते कळत होतं. मी नव्या लेखकांना हे उदाहरण देते, पण एक सावधगिरी सांगून. मथळ्याखालचा लेख तितक्याच तयारीचा होता, म्हणून तो मथळा शोभला.

ही सावधगिरी मी चूक करून शिकले. एका उद्योजकासाठी मी पहिली ओळ लिहिली होती : ‘त्या रात्री कंपनी बंद करायचं ठरलं होतं.’ त्यांनी मला ‘तेव्हा फार ताण होता’ इतकंच सांगितलं होतं. बाकीची भर माझी. पोस्ट भरपूर वाचली गेली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे बारा वर्षं काम करणाऱ्या फोरमननं त्यांना विचारलं होतं, “साहेब, बंद करायचं कधी ठरलं होतं? आम्हाला कुणी बोललं नाही.” ओळ आम्ही काढून टाकली, पण त्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तेव्हापासून पहिली ओळ लिहिली की मी एकच कसोटी लावते : ही ओळ मालकांच्या कामगारांसमोर मोठ्यानं वाचता येईल का?

लिंक्डइनलाही आता नुसत्या क्लिकनं भागत नाही. वाचणारा पोस्टवर किती वेळ थांबतो, हेही ते विचारात घेतात. त्यांच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये ते जाहीरपणे लिहिलंय. म्हणजे भुलवून आत आणलेला माणूस लगेच निघून गेला, तर त्या ओळीनं कमावलं काही नाही. अर्थात हे झालं गणित. फोरमनला खोटं वाचायला लागू नये, हे कारण मला पुरतं.

तर, भोसरी. कागद बाजूला ठेवून मी विचारलं, “मानांकन मिळालं म्हणजे शॉपमध्ये नेमकं काय बदललं?”

आधी ते प्रोसेस, सिस्टिम, क्वालिटी असं बोलत राहिले. मी थांबले. असं थांबणं हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे, टाइप करायला फार वेळ लागत नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक प्लग गेज काढलं. बोअर, म्हणजे भोक, बरोबर मापाचं आहे की नाही, हे त्यानं तपासतात. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्या टोकाला ‘नो-गो’. ‘गो’ आत गेलं पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. ‘गो’चं टोक प्रत्येक जॉबमध्ये शिरतं, म्हणून तेच आधी झिजतं. झिजून बारीक झालं की लहान पडलेलं बोअरही पास करतं.

“आमचा एक लॉट असाच परत आला. त्यांचा शाफ्ट आत जाईना. आम्ही म्हणतो, आमच्या गेजनं ओके आहे. पूर्वी माल परत आला की आम्ही भांडायचो. आता आधी आमचं गेज तपासतो.”

आयएसओ ९००१ मध्ये मोजमापाची साधनं ठरल्या मुदतीनं तपासून घेण्याची अट आहे. त्यांच्या कागदावर ती ‘कॅलिब्रेशन’ या एका शब्दात, सहाव्या परिच्छेदात दडली होती. त्यांच्या बोलण्यातली शेवटची दोन वाक्यं मी होती तशी टिपून घेतली. खरेदी विभागातल्या माणसाला या दोन वाक्यांत प्रमाणपत्राच्या फोटोपेक्षा जास्त समजेल, याबद्दल मला शंका नव्हती.

मग सजावट. इंग्रजी पोस्टमध्ये लोक ठळक दिसणारी अक्षरं चिकटवतात. मुळात ती गणितासाठीची चिन्हं असतात आणि अंध वाचकांची स्क्रीन रीडर प्रणाली त्यांवर अडखळते. देवनागरीत तशी अक्षरंच नाहीत, याचं मला बरं वाटतं. ओळीला स्वतःच्या जोरावर उभं राहावं लागतं.

पोस्ट टाकण्याआधी मी ती नेहमी मालकाच्याच फोनवर बघते. यांना वाचायचा चष्मा होता आणि फोनवरचा टाइप मोठा केलेला. पडद्यावर दिसलं एवढंच : ‘पूर्वी माल परत आला की आम्ही भांडायचो.’ त्यापुढे ‘मोअर’.

ते माझ्याकडे बघत राहिले. “एवढंच वाचून कुणी पुढे गेला तर?”

मी वाक्यांची उलटापालट केली : ‘माल परत आला की आता आम्ही आधी आमचं गेज तपासतो. पूर्वी भांडायचो.’ फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी केबिनचं दार उघडलं, मशीनवरच्या ऑपरेटरला हाक मारली आणि ओळ त्याला वाचून दाखवली. त्यानं कापडाला हात पुसले, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं आणि म्हणाला, “बरोबर आहे. टाका.”