मासे बाधले की माशांचे वावडे?

गेल्या महिन्यात पुतण्याच्या आग्रहाखातर दक्षिण गोव्यातील समुद्रकाठच्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये जेवायला गेलो होतो. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, काचेच्या पेटीत बर्फावर मांडलेले मासे आणि मेनूकार्डावर असे आकडे, की आमच्या सौभाग्यवतींनी ते लगेच मिटून ठेवले! त्यांनी कोळंबीचे हुमण व भात मागवला. पुतण्या, सूनबाई आणि मी भाजलेला ट्यूना, म्हणजे आपला कुपा, घेतला.

पहिल्याच घासाला जिभेवर मिरी चावल्यासारखी चरचर झाली. मसाला असेल असे समजून, डॉक्टर असूनही, मी खात राहिलो. अर्ध्या तासात सूनबाईचा चेहरा लालबुंद झाला. डोके ठणकू लागले, छातीत धडधड, मानेवर गांधी. पाठोपाठ माझे व पुतण्याचे कान तापले. सौ. मात्र ठणठणीत. "काका, मला माशांची अ‍ॅलर्जी झाली. आता जन्मभर मासे बंद!" सूनबाई रडवेली झाली. तिचे माहेर मालवणचे. म्हणजे शिक्षा केवढी मोठी, ते सांगायला नको.

पण वाचकहो, ही अ‍ॅलर्जी नव्हती. एकच मासा खाल्लेल्या तिघांना एकाच वेळी वावडे कसे होईल? ही होती हिस्टामीनची बाधा.

कुपा, बांगडा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पकडल्यानंतर पुरेशा बर्फात ठेवला नाही, तर जिवाणू वाढतात आणि हिस्टिडीनचे हिस्टामीन बनवतात. अ‍ॅलर्जीत आपले शरीर हेच द्रव्य सोडते, म्हणून लक्षणे हुबेहूब सारखी दिसतात. एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून, तळून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. माशाला वास येतोच असेही नाही. चूक होडीवर किंवा टेम्पोत झालेली असेल, तर स्वयंपाकघर कितीही चकचकीत असो, आचारी ती सुधारू शकत नाही. इथे खानावळ आणि पंचतारांकित हॉटेल सारखेच!

हा त्रास बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. आम्ही सेटिरिझिनची एकेक गोळी घेतली. रात्रीपर्यंत सारे शांत झाले. व्यवस्थापकाला सांगून तो मासा इतर टेबलांवर जाणे थांबवले. मात्र दम लागणे, चक्कर येणे, छातीत दुखणे असे काही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. दमा व हृदयविकार असणाऱ्यांनी विशेष जपावे. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना थोडेसे हिस्टामीनही जास्त बाधते. त्यांनी गोळ्या बंद करू नयेत. हे मासे खाण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खरे वावडे वेगळे. मोठ्या माणसांत ते अधिक करून कोळंबी, कुर्ल्या, शेवंड यांचे आढळते. पदार्थ कितीही ताजा असो, एकट्या त्याच माणसाला त्रास होतो, आणि पुन्हा खाल्ल्यास पुन्हा होतो. ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. अशा वेळी गोळी देऊन वाट पाहू नका. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने मिळायला हवे. अशा व्यक्तीने हॉटेलात वेटरला न लाजता आधीच सांगावे, आणि कोळंबी तळलेल्या तेलातच मासा तळत नाहीत ना, हेही विचारावे.

घरीसुद्धा बाजारातून आणलेले बांगडे लगेच फ्रिजमध्ये ठेवा. मीठ-हळद लावून तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका. आणि खाताना जिभेला अकारण चरचरले, तर घास टाकून द्या. पैसे वाया गेले तरी चालतील.

पंधरा दिवसांनी सूनबाईने माझ्या दवाखान्यात, माझ्यासमोर ताज्या सुरमईची तुकडी खाल्ली. काहीही झाले नाही. आपण मात्र असा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.