कॉलेजचा दाखला काढण्याआधी: नौदल भरतीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एफवायचा निकाल लागला, एक-दोन केटी आल्या, अभ्यासातून मन उडालं आणि मुलाने घरी जाहीर केलं, "कॉलेज सोडतो, नेव्हीत जातो." बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या अनेक घरांत हा प्रसंग येतो. मुलाची इच्छा खरी असते, आईवडिलांची काळजीही खरी असते. मात्र दोघांचाही निर्णय बऱ्याचदा ऐकीव माहितीवर उभा असतो.

नौदलात जायचं तर आधी कॉलेज सोडावं लागतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यासाठी चालू प्रवेश रद्द करावा लागत नाही. आधी संगणकावर परीक्षा होते. पुढच्या टप्प्यात शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी आणि त्यानंतर ओडिशातल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्राचं बोलावणं. चिल्काला पोचल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि तिथूनही मुलं परत येतात. म्हणून लेखी परीक्षा पास झाल्याच्या आनंदात कोणी दाखला काढू नये. अग्निवीरांसाठी, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्यांसाठी, वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षी एफवायला असलेल्या मुलाला कॉलेज चालू ठेवूनही प्रयत्न करायला वेळ असतो. जाहिरातीत जन्मतारखांच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्या तेवढ्या नीट पाहाव्यात.

दुसरा गैरसमज म्हणजे बारावी झाली की कोणीही जाऊ शकतो. अग्निवीर एसएसआर या प्रवेशासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं आणि एकूण किमान ५० टक्के गुण. अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो. उपनगरांतली कितीतरी मुलं मात्र कॉमर्सची. त्यांना ही वाट नाही. त्यांच्यासाठी उरतो एमआर हा दहावीच्या पात्रतेवरचा प्रवेश आणि त्यात कामं प्रामुख्याने स्वयंपाक, खानपान सेवा आणि स्वच्छतेची. ही कामं कमी प्रतीची नाहीत, त्यांच्याशिवाय जहाज चालत नाही. पण बी.कॉम. सोडून आपण नेमक्या कोणत्या कामाला जातो आहोत, हे मुलाला जाण्याआधी माहीत असायला हवं.

त्याच मुलासाठी पदवीनंतर वेगळी वाट आहे. प्रथम श्रेणीत बी.कॉम. आणि त्यावर वित्त, लॉजिस्टिक्स किंवा साहित्य व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा असेल, तर तो शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या लॉजिस्टिक्स शाखेत अधिकारीपदासाठी अर्ज करू शकतो. मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे तिथे पदवीच्या गुणांवरून ठरतं. म्हणजे आज नकोसा वाटणारा अभ्यासच पुढे कामाला येऊ शकतो. नौदलाच्या लॉजिस्टिक्सचं प्रशिक्षण देणारी आयएनएस हमला तर मालाडच्या मार्वेला आहे. नौदलाच्या सामग्रीचं मोठं भांडार घाटकोपरला आहे. नेव्ही म्हणजे फक्त कुलाबा आणि युद्धनौका, ही समजूत उपनगरात राहणाऱ्यांनी तरी ठेवू नये.

आता पैशांविषयी. "चार वर्षांनी सरकार बारा लाख देतं" असं सर्रास ऐकू येतं. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हाचा हिशोब असा: पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के चार वर्षांनी मिळणाऱ्या सेवानिधीसाठी कापले जातात, म्हणून पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांत मुलाच्या स्वतःच्या पगारातून सुमारे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढीच भर घालतं आणि व्याज धरून ती रक्कम साधारण ११.७१ लाखांवर जाते. तिच्यावर प्राप्तिकर नाही. राहणं-जेवण नौदलाचं आणि ४८ लाखांचा विमा, हेही खरं. पण जवळजवळ अर्धी रक्कम मुलाच्याच कमाईची असते आणि पेन्शन व ग्रॅच्युइटी मिळत नाही. कायम सेवेत जास्तीत जास्त २५ टक्के जणांना घेतलं जातं. बाकीचे बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी परत येतात. आईवडिलांनी मुलाशी बोलायचं ते या वर्षांबद्दल: परत आलास तर काय करशील? याचं उत्तर त्याच्याकडे असेल, तर चार वर्षांची सेवा हा उत्तम निर्णय ठरू शकतो. मधेच कंटाळा आला म्हणून परतता येत नाही, हेही त्याला आधीच कळायला हवं.

"शिक्षण मग कायमचं सुटलं" ही धास्तीही अर्धवट आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून आणि ठरलेली जादा क्रेडिट्स मिळवून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येतं. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात. अग्निवीरांच्या प्रशिक्षणालाच निम्मी क्रेडिट्स देणारी पदवी इग्नूमार्फत आखली आहे. त्यामुळे सोडायचंच असेल तर वर्ष अर्ध्यावर टाकू नये, परीक्षा देऊन सोडावं.

पोहता येत नाही म्हणून मागे हटू नका, पोहायला प्रशिक्षणात शिकवतात. धावण्याची तयारी मात्र घरूनच करून जावी लागते: १.६ किलोमीटर, मुलांसाठी साडेसहा मिनिटांत, मुलींसाठी आठ. हो, मुलींसाठीही. अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीत त्या होत्या आणि खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

शेवटचा गैरसमज मुंबईत विशेष. इथे अनेकदा "नेव्ही" म्हणताना मनात मर्चंट नेव्ही असते. ती सैन्यसेवा नाही, खासगी व सरकारी कंपन्यांच्या व्यापारी जहाजांवरची कंत्राटी नोकरी आहे. तिचं नियमन करणारं नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे. भारतीय नौदलात भरती होण्यासाठी एजंट लागत नाही. परीक्षेचं ठरलेलं शुल्क सोडून कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी. मर्चंट नेव्हीत नोकरी लावून देणाऱ्या संस्थेला महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. "शिपवर लावतो, दोन लाख भरा" असं कोणी म्हणालं, तर आधी त्या यादीत नाव शोधावं. प्रशिक्षण संस्थेची मान्यताही तिथेच तपासता येते. उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला परवानाधारकालाही मनाई आहे.