गिरणी सुरू व्हायच्या आत

पहाटे साडेपाच. धाराशिवात आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठला लागते. तिची मोटर फिरली की माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये घरघर शिरते, म्हणून रेकॉर्डिंग आधीच उरकायचं. लग्नांच्या आणि किल्ल्यांच्या व्हिडिओंना पार्श्वसंगीत देणं हा माझा धंदा. सिनेमातलं गाणं लावलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो, त्यावर आमचं पोट चालतं. आज नळदुर्ग आहे.

सहा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर. तार छेडायची आणि करंगळीनं बटण सावकाश वर न्यायचं. छेडल्याचा ‘टक्’ गेला की गिटार ओळखू येत नाही. फुकटची युक्ती आहे, पण शिकायला येणारी पोरं आधी महागडं पेडल कोणतं घ्यायचं तेच विचारतात. सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवली आहे. ती तंबोऱ्यासारखी खालून चालू राहते.

साडेसहा. प्रोसेसर झूमचा जी-वन फोर, तळहाताहून थोडा मोठा. आधी ओव्हरड्राइव्ह, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. ओव्हरड्राइव्ह डिलेच्या मागे टाकला तर पडसाद एकमेकांत घुसून चिखल होतो. (कधी कधी मला चिखलच हवा असतो.) लय मिनिटाला 60 ठोक्यांची, डिले 750 मिलिसेकंद. म्हणजे पडसाद पाऊण ठोक्यावर येतो, आणि दोनच स्वर वाजवले तरी चार हात वाजवताहेत असं वाटतं. स्वस्तातला रिव्हर्ब वरच्या पट्टीत कर्कश होतो. ट्रेबल निम्म्यावर आणला की भागतं.

लूपर वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतो. तो तीस सेकंदांचा, त्यात 28 ठोके बसवतो. ब्रायन इनो आणि रॉबर्ट फ्रिप यांनी 1973 च्या अल्बमसाठी दोन टेपरेकॉर्डरमधून एकच टेप फिरवून हे साधलं होतं. आता ते खिशात मावतं.

आठ. गिरणी. चहा.

अकरा. लाइट गेली. लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. गल्लीतल्या सगळ्या मोटरी बंद, प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर. दिवसातला सगळ्यात स्वच्छ आवाज आत्ता मिळतो. स्पॅनरचा सॉकेट बोटात घालून स्लाइड वाजवली. सकाळचे दोन टेक पुसून टाकले.

तीन. मिक्सिंग. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि फिल्म पावसाळ्यातली, नर-मादी धबधबे पूर्ण कोसळताना. पाण्याचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळी जागा व्यापतो, वरची पट्टी तर पार गिळतो. तिथं गिटारची चमक ठेवण्यात अर्थ नाही. सगळं एक किलोहर्ट्झच्या खाली दाबलं आणि पाण्याला वाट दिली.

सहा ते आठ, क्लास.

नऊ. एडिटरचा फोन. “दादा, भारी झालंय. फक्त दरवाजा येतो तिथं संबळ टाका ना.”

टाकतो म्हणालो. संबळवाले तुळजापुरात मिळतील. पैसे वेगळे लागतील, तेही सांगितलं.